बोलता येईल असं मशीन

वहिनी मशीन बघायला गेल्या की आधी डोळे मिटून घेत. समोर काचेच्या झाकणाखाली ते यंत्र सुसाट धावत असे, सेल्समन हात नाचवत त्याचे गुण सांगत असे, आणि वहिनी शेजारी खुर्ची ओढून, पर्स मांडीवर घेऊन, देवळात टेकावं तशा बसलेल्या. नव्या सेल्समनला वाटे, आजींना डुलकी लागली. तो माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसे आणि आवाज खाली आणे. मग मिटल्या डोळ्यांनीच वहिनी म्हणत, "अनघा, तू बोल गं."

"काय बोलू?"

"काहीही. काल भाजी काय केलीस ते सांग. ओरडून नको, रोजच्यासारखं."

आणि मी, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेली, कंपनीचं कार्ड गळ्यात अडकवलेली बाई, त्या थंडगार शोरूममध्ये उभी राहून पडवळात चण्याची डाळ घातली की नाही ते सांगत असे. सेल्समन आधी माझ्याकडे, मग वहिनींकडे, मग छताकडे बघे. माझं बोलणं ऐकू आलं तर वहिनी हलकेच मान हलवत. नाही आलं तर उठून पदर सावरत आणि म्हणत, "छान आहे हो तुमचं मशीन." म्हणजे ते मशीन बाद झालं, हे त्या बिचाऱ्याला कधी कळत नसे. तो पुढे महिनाभर मला फोन करत राही.

त्या कुणाच्या वहिनी हे सांगायला हवं. अंधेरी पूर्वेला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. मालक दोघे भाऊ. थोरल्यांनी तो उभा केला आणि मुलाचं कॉलेज संपायच्या आतच ते गेले. धाकटे अरुणदादा मग धंदा बघू लागले. थोरल्यांची बायको ती त्यांची वहिनी, आणि ते हाक मारत म्हणून साऱ्या गाळ्याची, खालच्या चहावाल्याची आणि वॉचमनचीही वहिनी. त्यांचं खरं नाव मला त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढताना कळलं, आणि ते त्यांना अजिबात शोभत नव्हतं. मी ते लगेच विसरूनही गेले.

लिफ्टमध्ये बटण दाबलं की पाळणा कुठल्या मजल्यावर थांबवायचा हे ठरवणारी एक हिरवी पाटी असते, तिला बोर्ड म्हणतात. तो आम्ही बनवत होतो. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कितीतरी सोसायट्यांत माणसं आमच्या भरवशावर वरखाली करत होती. आमच्या गाळ्यात मात्र लिफ्ट होती ती फक्त मालाची, तीही निम्मे दिवस बंद, आणि आम्ही सगळे जिन्याने धापा टाकत चढायचो. वहिनी चढताना मधल्या वळणावर थांबत आणि म्हणत, "आपल्याच बोर्डाची असती तर बंद पडली नसती." हे खरं होतं की नाही, देव जाणे.

गाळ्याच्या मधोमध, खिडकीपासून जवळजवळ दारापर्यंत, एक लांब टेबल होतं. दोन्ही बाजूंना बायका बसत आणि बोर्ड भरत. भरणं म्हणजे एकेक पार्ट चिमट्यात धरून त्याच्या जागी बसवायचा आणि गरम सोल्डरने पक्का करायचा. सोल्डरमधल्या राळेचा गोडसर धूर निघे. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की तो धूर उन्हात तरंगत राही, पंखा त्याला सावकाश ढवळी, आणि त्या धुरातून बोलणं वाहत असे. घाटकोपरच्या मासळीबाजारात आज सुरमई कशी होती, मानखुर्दला पाणी किती वाजता आलं, कुणाच्या सुनेला काय खावंसं वाटतंय. बोलणं कुणी सुरू केलं आणि कुणी संपवलं हे सांगता येत नसे. टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला शोभाताई बसत. कुडाळकडच्या, लग्न होऊन घाटकोपरला आलेल्या. सासरे गिरणीत होते, नवरा बेस्टमध्ये. त्या या साऱ्याला गजाली म्हणत. मला काचेची केबिन दिली होती, पण मी तिचं दार नेहमी थोडं उघडं ठेवत असे. आजही दुपारी जेवून जरा डोळा लागला की मला तेच बोलणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत, नुसती लय.

वहिनी त्या टेबलावर कशा आल्या, ते त्यांनीच मला सांगितलं होतं. थोरले गेल्यावर मुलगा शिकायला कॅनडाला गेला आणि कांदिवलीच्या घरात त्या एकट्या उरल्या. "दुपारी फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला गं," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी ओळखलं, इथे बसून राहिले तर मला वेड लागेल." मग एकदा अरुणदादांना कसल्याशा सह्या हव्या होत्या म्हणून त्या गाळ्यावर आल्या आणि सह्या झाल्यावर घरी गेल्याच नाहीत. टेबलाच्या कडेला एक स्टूल रिकामं होतं, त्यावर बसल्या. शोभाताईंनी काही न विचारता त्यांच्या हातात सोल्डरची गन दिली. "कुणी बिचारी म्हणालं नाही, कुणी पाठीवरून हात फिरवला नाही. तासाभराने शोभा म्हणाली, तुमचो सोल्डर कच्चो रवलो, परत करा. मला इतकं बरं वाटलं." त्या दिवसापासून मालकीणबाई रोज त्या स्टुलावर. हात फारसे चालायचे नाहीत त्यांचे, बोर्ड भरायला इतरांच्या दुप्पट वेळ लागे. पण त्या ऐकत. मध्येच एखादा प्रश्न टाकत आणि पुन्हा ऐकत.

अडचण अशी झाली की पार्ट लहान होत चालले. आधी तांदळाएवढे होते, मग तिळाएवढे झाले, मग रव्याच्या कणाएवढे. शिंक आली तर उडून जातील असले. लिफ्टवाली मोठी कंपनी, जिच्यावर आमचा निम्मा गाळा चालत होता, तिचा नवा बोर्ड असल्याच कणांनी भरलेला आला. त्यांचा माणूस येऊन बसला, चहा प्यायला आणि गोड शब्दांत सांगून गेला की दिवाळीनंतर हाताने भरलेले बोर्ड आम्ही घेणार नाही. अरुणदादांनी त्याच संध्याकाळी कॅटलॉग मागवले. असलं मशीन एका बारीक नळीने हवा ओढून पार्ट उचलतं आणि बोर्डावर आधी फासलेल्या सोल्डरच्या मलमावर नेमक्या जागी ठेवतं. मग बोर्ड भट्टीतून सरकतो, सोल्डर वितळतं आणि पार्ट चिकटतात. टेबलभर बायका दिवसभर जे करतील, ते हे पठ्ठं चहा निवायच्या आत करतं.

"आण," वहिनी म्हणाल्या. "पण निवडणार मी. आणि टेबल हलणार नाही."

"वहिनी, कुणालाही काढणार नाही. शब्द देतो," अरुणदादा म्हणाले. माणूस शब्दाचा होता, त्यात शंका नाही.

"बायका राहणारच, ते काय सांगायला हवं? मी टेबल म्हटलं."

अरुणदादांना ते कळलं नाही. मलाही पहिलं मशीन बघायला गेले तेव्हा कळलं. वहिनींना असं मशीन हवं होतं की ज्याच्या शेजारी बसून साध्या आवाजात बोलता येईल. बाकी सगळं त्यानंतर.

आमच्या या फेऱ्यांना वहिनी "बघायला जाणं" म्हणत आणि ते अगदी तसंच करत. ठेवणीतली नारायणपेठ नेसत. "आपण नीट गेलं की समोरचाही नीट वागतो." पिशवीत आमचा स्वतःचा बोर्ड घेत, तोही दमट हवेने किंचित वाकलेला, गाळ्यातला सर्वांत हट्टी. शोरूमवाल्यांचा दाखवायचा बोर्ड आरशासारखा सपाट असे, त्यावर कुठलंही मशीन गुणीच दिसणार. "त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांच्या मुलीने केलेले पोहे खाऊन काय कळतं? आपल्या कढईत करून दाखव म्हणावं." मग पुढचा प्रश्न, मशीनचं माहेर कुठलं. म्हणजे बिघडलं तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार. बंगळुरूहून येणार म्हटलं की त्या माझ्याकडे बघत. "रुसवा निघायला आठवडा." हे सगळं झालं की खुर्ची ओढायची, डोळे मिटायचे आणि माझी पडवळाची भाजी सुरू.

पहिलं मशीन अंधेरीतच होतं आणि मी त्याच्या प्रेमात पडले. केवढा तो वेग. डोकं कुठे जातंय हे डोळ्यांना दिसत नव्हतं, नुसती एक पांढरी थरथर. अरुणदादांना हेच हवं होतं. वहिनींनी मला बोलायला लावलं, मी बोलले, आणि माझं मलाच ऐकू आलं नाही. "छान आहे हो तुमचं मशीन," वहिनी म्हणाल्या. परतीच्या रिक्षात मी चिडले होते.

"वहिनी, वेग बघायचा, अचूकपणा बघायचा, एका बोर्डावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागतो ते बघायचं. आवाज हे काय कारण झालं?"

"तू ते सगळं बघ ना. तुला येतं ते. मी माझं बघते."

असं कुणी शांतपणे म्हटलं की भांडताही येत नाही. मी बाहेर बघत बसले.

बोरिवलीच्या शोरूममध्ये तर गंमतच झाली. मशीन चांगलं मोठं आणि वेगवान, पण आवाज म्हणाल तर दुधाला उकळी येताना होतो तेवढाच. मी बोलत होते, वहिनी मान हलवत होत्या. सेल्समन तरुण आणि हुशार होता. त्याने पडद्यावर मला दाखवलं की नवा बोर्ड आला की कॅमेरा बोटाने हलवत न्यायचा, इथे हा पार्ट म्हणून दाखवायचं आणि बटण दाबायचं. मशीन ते शिकून घेतं. माझ्या मते तेवढ्यावर सौदा झाला होता. इतक्यात वहिनींनी डोळे उघडले.

"याला हवा लागते ना? ती कुठून येते?"

तरुण जरा घुटमळला. मग त्याने मागचं एक जाड दार उघडलं. आत कॉम्प्रेसर होता, आणि दार उघडताच जो भडभडाट बाहेर आला त्याने माझ्या हातातली पाण्याची बाटली निसटली. मुलगी दाखवताना भांडखोर आत्याला आतल्या खोलीत बसवून ठेवावं, तसा तो तिथे कोंडून ठेवला होता. आमच्या गाळ्याला आतली खोली नव्हती. वहिनींनी दार आपल्या हाताने लावलं, तरुणाच्या खांद्यावर थोपटलं आणि मशीन छान असल्याचं सांगितलं.

परतताना हायवेला गाडी अडकली की वहिनी रिक्षाच्या रेक्झिनवर बोटाने गाळा मांडत. हे त्यांचं स्वप्न, आणि ते त्या इतक्या वेळा सांगत की मलाही ते दिसायला लागलं होतं. भिंतीशी मशीन. त्याच्या पुढे भट्टी. खिडकीजवळ टेबल, होतं तिथेच, थोडं आखूड झालेलं. दुपारचं ऊन. मशीन आपलं काम करतंय, त्याला काही लागलं तर एखादी उठून देते, येऊन पुन्हा बसते. हात मोकळे, डोळ्यांना ताण नाही, आणि बोलणं चालू. "आता तर नीट बोलता येईल गं. इतकी वर्षं बिचाऱ्या खाली मान घालून बोलताहेत." बोलताना त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा होई. मागचे हॉर्न त्यांना ऐकू येत नसत.

आणि मग मुलुंडला ते मशीन सापडलं. लहानखुरं, क्रीम रंगाचं, स्वतःचाच चिमुकला हवेचा पंप पोटात घेऊन आलेलं. कुणी बाजूच्या खोलीत मटार सोलावेत तसा आवाज. मी बोलत राहिले, पडवळ संपलं, मी वालाच्या बिरड्यावर आले, तेही संपलं, तरी वहिनी म्हणेनात की पुरे. शेवटी बघते तर त्यांचे डोळे उघडे आणि भरलेले. "सापडलं गं," त्या म्हणाल्या.

मी माझ्या शंका सांगितल्या. वेग बेताचा. आमच्या कामाला पुरेल, पण बेताचा. आणि बोर्डाची सगळी माहिती मशीनमध्ये कंपनीचे लोक भरून देणार, आपण फक्त पार्टांच्या पट्ट्या गुंडाळलेली रिळं बदलायची. वहिनींना उलट तेच आवडलं. "डोक्याला ताप नाही. रिळं बदलतील आणि गजाली करतील." शेवटचा होकार द्यायच्या आधी मात्र शोभाला आणू, म्हणाल्या. तिचं टेबल, तिने ऐकायला हवं.

शोभाताई आल्या. केसांत अबोलीचा गजरा, हातात रुमाल. अंधेरीहून मुलुंडपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि मी म्हटलं, आज दबकल्यात. शोरूममध्ये वहिनींनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. त्या बसल्या नाहीत. पडद्यावर वाकून बघत उभ्या राहिल्या.

"हेका कोण सांगता, खंय काय ठेवूचा ता?" त्यांनी विचारलं.

सेल्समनला प्रश्न कळला नाही. कुठला पार्ट कुठे ठेवायचा हे मशीनला कोण सांगतं, असं मी त्याला विचारलं. "वो सब हमारा इंजिनिअर डालके देगा, मावशी," तो म्हणाला. "आपको कुछ नहीं करना. सिर्फ रील बदलना."

"शोभा, बस गं," वहिनी म्हणाल्या. "डोळे मीट आणि ऐक. बघ कसं बोलता येतंय. मी इथून बोलते, तू तिथून बोल."

शोभाताई सरळ उभ्या राहिल्या. रुमालाने ओठांवरचा घाम टिपला.

"वयनी, माका बोलूचा नाय हा. माका ह्या शिकूचा आसा."

वहिनींनी ओढलेली खुर्ची परत जागेवर सरकवली.

"मशीनीक मी सांगूक व्हया. रीळ बदलूक नको माका. इतकी वर्सां बोर्ड भरलंय, हातांक सगळा पाठ झाला. डोक्याक काय काम नाय, म्हणान तोंड चालता. गजाली करूक काय मी घाटकोपरसून अंधेरीक येतंय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खूप दिवस तोंडात धरलेलं कुणी हळूच बाहेर ठेवावं, तसं त्या बोलल्या. मशीन शेजारी मटार सोलत होतं आणि प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

परतीच्या रिक्षात आम्ही तिघी दाटीने बसलो होतो. पवईचं तळं आलं, गेलं. रेक्झिनवर आज कुणी काही मांडलं नाही. मग वहिनींनी विचारलं, "आधी का नाही बोललीस?"

"कसा सांगतलंय?" शोभाताई बाहेर बघत म्हणाल्या. "तुमका टेबल आवडता. तुमी पयल्यांदा इलात, तेव्हा तोंडातसून शब्द नाय तुमच्या. मगे आमी ठरवला, बायांनू, बोलत रवा. ह्या बाईक बरा वाटांदे. आदी आमी येवढा खंय बोलत होताव? मगे सवय लागली."

वहिनींनी त्यांचा हात धरला. मधे मी बसले होते, त्यामुळे तो हात माझ्या मांडीवरून गेला होता आणि अंधेरी येईपर्यंत तसाच राहिला. मी जन्मात कधी इतकी अवघडून बसले नाही, आणि कधी मला इतकं जवळचंही वाटलं नाही कुणी.

दुसऱ्याच आठवड्यात वहिनी बोरिवलीला गेल्या. त्याच तरुणाकडे, त्याच मशीनकडे. या वेळी त्यांनी मला बोलायला सांगितलं नाही. पडद्यापुढे शोभाताईंना उभं केलं आणि विचारलं, "हे बोटाने दाखवायचं, शिकवायचं, ते हिला शिकवाल? इंजिनिअरला नको. हिला, आणि हिच्यानंतर टेबलावरच्या प्रत्येकीला."

"शिकवू की, आजी. डिग्री कशाला हवी त्याला? हात स्थिर हवा आणि बोर्ड माहीत हवा."

"तो तिला झोपेतही माहीत आहे," वहिनी म्हणाल्या, आणि मशीन ठरलं. अरुणदादांना वाटलं, शेवटी वहिनींनी आपलंच ऐकून वेगवान मशीन घेतलं. वहिनींनी त्यांना तसं वाटू दिलं.

ते आलं त्या दिवशी मालाची लिफ्ट चालू होती, हेच नवल. पण आत जागा करायला टेबल मध्ये आलं. हमाल अरुणदादांकडे बघू लागले, अरुणदादा वहिनींकडे. "काढा," वहिनी म्हणाल्या आणि स्वतःचं स्टूल आधी उचलून बाजूला केलं. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. कॉम्प्रेसर मोरीशेजारच्या अरुंद, बिनदाराच्या बोळात ठेवला होता. तो सुरू झाला तेव्हा मानखुर्दहून येणारी सुनंदा कुणाला तरी पाण्याच्या टाकीबद्दल काही सांगत होती. तिचं तोंड हलत राहिलं, ऐकू काही आलं नाही. मग तिच्या लक्षात आलं आणि ती हसली. त्यानंतर गाळ्यात कामाच्या वेळी बोलणं म्हणून झालं नाही. बायकांच्या कानांत पिवळी बोंडं आली. एक भट्टीवर, एक तपासणीला, एक पॅकिंगला, प्रत्येकीचं तोंड वेगळ्या दिशेला.

शोभाताईंना शिकायला वेळ लागला. पहिला बोर्ड त्यांनी शिकवला तेव्हा कोपरा चुकीचा दाखवला गेला, आणि मशीनने सगळेच्या सगळे पार्ट इमानदारीने बोटभर डावीकडे ठेवले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दिवाळीनंतर लिफ्टवाल्या कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याने नव्या बोर्डाबद्दल प्रश्न मला विचारला आणि मी त्याला शोभाताईंकडे पाठवलं. हे मी अभिमानाने सांगते. त्या पडद्यापुढे उभ्या राहून त्याच्याशी बोलत होत्या, एक बोट वर करून, आणि वहिनी माझ्या केबिनच्या काचेतून ते बघत होत्या.

वहिनी आता माझ्या केबिनमध्ये बसत. दार लावून घ्यावं लागे. रोज येणाऱ्या त्या एकाआड एक दिवस यायला लागल्या, मग आठवड्यातून एकदा. तक्रार कधी केली नाही. मी एकदा विचारलं, मुलुंडचं घेतलं असतं तर? त्या म्हणाल्या, "मग शोभा रिळं बदलत बसली असती. माझ्याकडे बघून बोलत बसली असती. नको गं बाई." आणि चहा प्यायल्या. पण कांदिवलीच्या त्या घरात पुन्हा दुपारी फ्रिज ऐकू येत असणार, हे मला कळत होतं आणि त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता. मी त्यांना फोन करत असे, पण फोनवर त्या कधीच धड बोलत नसत. "ठेवते, तुझं काम असेल," म्हणत.

मग मुलगा त्यांना न्यायला आला. थंडीपुरतं जाते आणि येते, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. थंडी कॅनडाची होती, ती संपता संपेना, आणि पुढच्या वर्षी तिकडूनच बातमी आली. जाण्याआधी त्या निरोप घ्यायला गाळ्यावर आल्या तीच त्यांची शेवटची खेप.

त्या दिवशी तातडीची ऑर्डर होती. मशीन भरात होतं, कॉम्प्रेसर बोळातून भडभडत होता. वहिनी प्रत्येकीपाशी जात, तिच्या दंडाला हात लावत, काहीतरी बोलत. ती कानातलं बोंड काढायची, वाकायची, मान हलवायची. ऐकू कुणालाच काही येत नव्हतं, हे केबिनमधूनही दिसत होतं. भट्टीपाशी झालं, तपासणीपाशी झालं. सुनंदाला त्या काय म्हणाल्या ते सुनंदाला अजून माहीत नाही. मग त्या शोभाताईंपाशी आल्या. ओठ हलले. शोभाताईंनी त्यांच्याकडे बघितलं, हात पुढे केला आणि मशीनवरचं लाल बटण दाबलं.

निम्मा भरलेला बोर्ड आत होता. असा बोर्ड मध्ये थांबवत नाहीत, आणि शोभाताईंनी अरुणदादांसाठीही कधी थांबवला नसता. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. बोळात गेल्या आणि कॉम्प्रेसरही बंद केला. हवा सुस्कारत निघून गेली आणि पंख्याचा आवाज ऐकू आला.

"अगं, बंद का केलंस?" वहिनी घाबरून म्हणाल्या. "ऑर्डर आहे ना?"

"तुमच्याशी बोलूक."

एकेक बाई आली. टेबल नव्हतं, म्हणून सगळ्या उभ्याच होत्या, मशीनला टेकून, खोक्यांना टेकून. अरुणदादा त्यांच्या केबिनबाहेर आले, लाल दिवा बघितला, वहिनींना बघितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बोलणं विशेष काही झालं नाही. तिकडे ओले बोंबील मिळतात का, सुनेला मराठी येतं का, मोजे लोकरीचे घ्या. मध्येच हसू. ऊन खिडकीतून आत आलेलं होतं. वहिनी फारसं बोलत नव्हत्या, या चेहऱ्याकडून त्या चेहऱ्याकडे बघत ऐकत होत्या. मी माझ्या केबिनच्या दारात उभी होते आणि मला रडू येत होतं, आणि मला ते चाललं होतं.

खाली रिक्षा आली. वहिनी सगळ्यांना हात करून जिना उतरल्या. शोभाताई खिडकीशी गेल्या. रिक्षा इस्टेटच्या गेटमधून बाहेर पडली, वळली आणि दिसेनाशी झाली. ऑर्डर तशीच पडली होती, आणि त्यांच्या केबिनमध्ये अरुणदादा घड्याळाकडे बघत असल्याचं मला दिसत होतं. मी शोभाताईंच्या मागे जाऊन उभी राहिले.

"सुरू करायचं ना, शोभाताई?"

"वायच थांब," त्या म्हणाल्या.